टोपीवाली माकडं, हिरवे ठिपके आणि मी

"मॅडम, जास्त डेंजर कोण? माकड की तळ्यातलं शेवाळ?"

हा प्रश्न वर्गात पडला आणि असा हशा पिकला की दाराशी पडलेल्या माझ्या पितळी अंगालाही कंप सुटला. विचारणारी मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. तिच्या मागच्या बाकावर दोन मैत्रिणी तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "हिंमत असेल तर आज तासाला काहीतरी विचारून दाखव. काहीही! माकडांबद्दल विचार, तुझ्या घरचाच विषय आहे." कारण या मुलीचे बाबा जवळच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची देखभाल करतात. आणि ही मुलगी गेल्या सहा वर्षांत वर्गात आपणहून एक शब्द बोलली नव्हती. सगळे तिला मौनी म्हणायचे.

मित्रांनो, या गडबडीत मी कोण ते सांगायचं राहूनच गेलं. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आता तुम्ही म्हणाल, सूक्ष्मदर्शक आणि दाराशी? हो, दाराशी! मॅडमचा तास प्रयोगशाळेतच भरतो, आणि तिचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला अडकण करून त्याला लावून ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण मला एक लाथ द्यायचा, आणि वर "हे काय मध्येच" म्हणायचा.

माझे दिवस नेहमीच असे नव्हते. एका कारखान्यात माझी नळी घडली, आणि तिथल्या म्हाताऱ्या भिंगवाल्याने माझी भिंगं घासली. ओली पूड लावून तो दिवसच्या दिवस घासत बसायचा. त्याच्या अंगठ्यावरच्या रेषासुद्धा झिजून गेल्या होत्या. मध्येच तो भिंग खिडकीपाशी धरायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "अजून नाही." पुन्हा घासायचा. "अजून नाही." असं किती वेळा झालं ते मला मोजता आलं नाही. ज्या दिवशी तो काहीच बोलला नाही त्या दिवशी मला लाकडी खोक्यात घालून या शाळेत धाडलं.

इथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! कांद्याच्या पापुद्र्यातल्या विटा, डासाचा केसाळ पाय, गालाच्या आतल्या पेशी, सगळं मुलांनी माझ्यातून पाहिलं. रांग लागायची. पहिल्यांदा डोळा लावणारा प्रत्येक जण ओरडायचा, "दिसलं, दिसलं, काळे काळे लांब किडे!" आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, "त्या तुझ्या पापण्या आहेत, राजा." मग बटण दाबलं की उजेड पडणारे नवे गोरेगोमटे सूक्ष्मदर्शक आले. माझ्यात दिवा नाही, खाली एक गोल आरसा आहे. खिडकीतला उजेड पकडायचा आणि वर पाठवायचा, एवढंच मला येतं. झालं, मी दाराशी गेलो. तीन वर्षं! आरशावर ओरखडा आला, एक स्क्रू गंजून घट्ट बसला.

पण ते राहू दे. मला मौनीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना अजूनही माझी नळी गार पडते.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "शेवाळाचं का सुचलं गं तुला?"

मौनीला वाटलं होतं, ओरडा बसेल आणि खाली बसता येईल. आता उत्तर देणं भाग होतं. "माकडांच्या तळ्यात ना, हिरवा रंग सांडल्यासारखं झालंय. बाबा म्हणतात, उन्हाने झालं. पण वास येतो."

"उद्या बाटलीत भरून आण. बाबांना हातमोजे घालून भरायला सांग. आणि प्रश्न मस्त आहे."

मस्त आहे! मित्रांनो, त्या दोन शब्दांनी ती मुलगी जागच्या जागी दोन बोटं उंच झाली. मधल्या सुट्टीत तिने पैज लावणाऱ्या मैत्रिणींना सांगितलं, "उद्या पण विचारणार. तुम्ही पैज लावा नाहीतर नका लावू!"

दुसऱ्या दिवशी बाटली आली आणि नेमकी वीज गेली. नवे सगळे सूक्ष्मदर्शक आंधळे! मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर दाराकडे गेली. मला उचललं, फडक्याने पुसलं, खिडकीत ठेवलं. इतक्या वर्षांनी आरशावर ऊन पडलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. काचपट्टीवर तळ्याचा एक थेंब ठेवला, आणि पहिला मान मौनीला मिळाला.

"मॅडम, हिरवे ठिपके आहेत! घोळक्याने! जेलीत अडकवल्यासारखे!"

"हे शेवाळ नाहीच," मॅडम म्हणाल्या. "सगळे शेवाळ म्हणतात, पण हा नील-हरित जिवाणू आहे. याचं नाव मायक्रोसिस्टिस. चला, कालच्या प्रश्नाला हात घालू." आणि त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एकीकडे लिहिलं 'कॅपुचिन माकड', दुसरीकडे 'मायक्रोसिस्टिस'.

काय रंगला तो तास! कॅपुचिनच्या डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे केस असतात, म्हणून बाबा त्यांना टोपीवाले म्हणतात, हे मौनीने सांगितलं. माकड मांजराएवढं. आणि या जिवाणूच्या हजार पेशी ओळीने उभ्या केल्या तरी रांग तांदळाच्या दाण्याएवढीच. माकड कळपात राहतं. हेही घोळक्यात राहतं, जेलीत. माकड फळांसाठी झाडावर चढतं. हे आपल्या आत हवेचे बारीक फुगे भरून पाण्यात वर चढतं, उन्हासाठी. माकड प्राणवायू घेतं, हे सोडतं. "माकडं जन्मायच्या कितीतरी आधी," मॅडम म्हणाल्या, "यांच्या पूर्वजांनी हवेत प्राणवायू भरला. म्हणून माकडं श्वास घेतात. आपणही."

"म्हणजे हे चांगले!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माकडाला राग आला तर काय करतं?"

"चावतं!" अख्खा वर्ग.

"याला राग येत नाही. पण याच्यातले काही प्रकार पेशीच्या आत विष साठवतात. ते पाणी पोटात गेलं तर यकृत खराब होतं."

 मौनीच्या हातातली पेन्सिल थांबली. घंटा झाली. मॅडम घाईने म्हणाल्या, "तक्ता अर्धाच झालाय, उरलेल्या ओळी सोमवारी. तोपर्यंत माकडांना त्या तळ्यापासून लांब ठेवायला सांग बाबांना. आणि हा सूक्ष्मदर्शक घरी ने. रोज एक थेंब बघ आणि लिहून ठेव."

अशा रीतीने, मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलो.

घर दोन खोल्यांचं. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा, शेजारी आईचं शिलाई मशीन. बाबा कामावरून आले की त्यांच्या सदऱ्याला केळ्यांचा आणि पेंढ्याचा वास यायचा. त्या संध्याकाळी मौनी बोलत होती आणि दोघं तिच्याकडे बघत होते. घरात कावळा गायला लागल्यावर माणसं बघतील, तसे!

बाबांनी तिचं ऐकलं. चौदाच्या चौदा माकडं त्यांनी आतल्या पिंजऱ्यात घेतली, नळाचं पाणी ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी ते हाताला पट्टी बांधूनच घरी आले.

"कोंडलं की डोकं फिरतं त्यांचं. एकमेकांच्या शेपट्या ओढतात. नानीला ओरबाडलं दोघांनी." नानी म्हणजे कळपातली सगळ्यांत म्हातारी माकडीण. "तळं उपसायला साहेबांकडे अर्ज दिलाय. अर्जावर शेरा पडेल, शेऱ्यावर सही होईल, तोवर माझी सगळी माकडं म्हातारी होतील."

"मग मारून टाका ना त्या जिवाणूंना!" मौनी म्हणाली.

"कोठीत मोरचूद आहे पोतंभर. ते निळे खडे. पूर्वी तळ्यात टाकायचे म्हणतात. टाकू?"

आईने मशीन थांबवलं. "मारायचं असं तुझ्या मॅडमनी सांगितलंय का गं?"

"आई, विष त्यांच्या आत असतं. ते मेले की विष संपलं. साधी गोष्ट आहे! मेलेलं माकड चावतं का?"

बाबा खो खो हसले. "बिनतोड! आमच्या घरात शास्त्रज्ञ निघाली म्हणायची!"

"शास्त्रज्ञबाई, सोमवारपर्यंत थांबलात तर काय बिघडेल?" आई म्हणाली.

पण मौनीच्या चेहऱ्यावर तो उजेड होता ना, काल वर्गात पडलेला, तो विझवायला आईलाही जिवावर आलं. तिने पुन्हा मशीन सुरू केलं. आणि मी? मला हात नाहीत, तोंड नाही. मी खिडकीत उभा होतो.

शनिवारी दुपारी मोरचूद पडलं. रविवारी सकाळी बाबा बाटली घेऊन आले आणि बाटलीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं! मौनीने घाईघाईत थेंब ठेवला, आरसा वळवला, डोळा लावला. मी मला जमलं तेवढं नीट दाखवलं. हिरवे घोळके गायब. फक्त कुठेकुठे फाटक्या जेलीचे तुकडे आणि फिकट, फुटकी, रिकामी कवचं.

तिने वहीत लिहिलं, 'जिवंत काहीच नाही. पाणी साफ.' आणि ओरडली, "बाबा, खोला दार!"

मित्रांनो, मी आयुष्यभर फुटलेली कवचं पाहिली आहेत. अंड्याची, बीजाची, किड्यांच्या कोशाची. कवच रिकामं दिसलं की एकच प्रश्न विचारायचा असतो. आतलं गेलं कुठे? तो प्रश्न तिने विचारला नाही. मला तो विचारता येत नाही. आणि विष मला दिसत नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतं, माझ्या कितीही चांगल्या भिंगाला ते सापडत नाही. मी जे दाखवलं ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या मनाला टोचते आहे.

दुपारी बाबांनी दार उघडलं. दोन दिवस कोंडलेली माकडं थेट तळ्यावर गेली म्हणे. हात बुडवून बुडवून बोटं चाटत होती. बाबा किती आनंदाने सांगत होते!

सोमवारी सकाळी घरून निघताना ते जरा घुटमळले. "नानी काल संध्याकाळी केळं घ्यायला आली नाही," ते म्हणाले. "भांडणाने दमली असेल."

मौनीने मला परत द्यायला दप्तरात घातलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी दप्तराच्या अर्धवट उघड्या तोंडातून पाहिलं. पहिलाच तास मॅडमचा. तक्ता पुन्हा फळ्यावर. मौनीचा हात सगळ्यांच्या आधी वर. "मॅडम, आम्ही मोरचूद टाकून सगळे मारून टाकले! पाणी साफ!"

मॅडमच्या हातातला खडू तुटला.

"कधी?"

"शनिवारी."

"अगं, तीच ओळ उरली होती. माकड मेलं की त्याचे दात निकामी होतात. पण हा जिवाणू मेला की त्याची पेशी फुटते आणि आत साठलेलं सगळं विष एकदम पाण्यात येतं. जिवंत असताना थोडंथोडं बाहेर येतं, मेल्यावर सगळं. माकडं आतच आहेत ना?"

 मला एवढंच कळलं की दप्तर उचललं गेलं आणि माझं डोकं तिच्या पाठीवर आपटायला लागलं. मागे मॅडम कुणाला तरी फोन लावत होत्या, "उचला, उचला" म्हणत होत्या. शाळेचं फाटक, मग पादत्राणं शिवणाऱ्याचं दुकान, मग भिंत, मग प्राणिसंग्रहालयाचं मागचं दार. ती धावत होती आणि दर पावलाला पुटपुटत होती, "प्यायली नसतील, प्यायली नसतील."

प्यायली होती. तीन माकडं तळ्याकाठी मान खाली घालून बसली होती. नानी आडवी पडली होती, आणि तिचा हात, अगदी माणसासारखा, नखं असलेला हात, मातीवर उघडा पडला होता. मी सारा जन्म बारीक गोष्टी पाहिल्या. माकड माझ्या काचपट्टीवर कधी मावलं नाही. पहिल्यांदा पाहिलं ते असं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, बाबा शेजारी उभे होते, पांढरेफटक.

"पाणी!" मौनी जाळीबाहेरून किंचाळली. "बाबा, पाण्यातच आहे! सगळ्यांना आत घ्या! मेलेल्या पेशींतलं विष पाण्यात आलंय!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि एकही प्रश्न विचारला नाही. द्राक्षांची टोपली हलवत बाबांनी चालत्या माकडांना आत घेतलं, आजारी माकडांना उचलून नेलं. सलाइन लागलं, काळी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. तळ्याला दोर बांधून पाटी लावली. मौनी जाळीला धरून उभी. तिची बोटं जाळीतून सुटतच नव्हती.

मग साहेब आले. बूट चकचकीत, आवाज शांत, आणि त्या शांततेचीच भीती वाटत होती.

"तळ्यात मोरचूद कुणाच्या परवानगीने पडलं?"

"माझी चूक साहेब," बाबा म्हणाले. "माझ्या मनाने टाकलं."

मौनीने तोंड उघडलं. मी पाहिलं, नक्की पाहिलं. पण बाबांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि तोंड मिटलं गेलं.

"उद्या दहा वाजता ऑफिसात या. ही माकडीण गेली, तर तुमची नोकरी वाचवणं माझ्याही हातात राहणार नाही." साहेब गेले.

आज संध्याकाळी मी पुन्हा त्याच टेबलावर आहे. मला शाळेत परत द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला. तिघांपैकी दोघांनी द्राक्षं खाल्ली, तिसरं बसून आहे. नानीने अजून मान उचललेली नाही. बाबा फोन ठेवून तसेच बसले. आईने मशीनवर कापड घेतलंय, पण बराच वेळ झाला, सुई खाली उतरलेली नाही. मौनी आतल्या खोलीत, दाराआड.

"तिने सांगितलं आणि तू टाकलंस, एवढं तरी सांगायचं होतंस," आई दबक्या आवाजात म्हणाली. "लेकराच्या बोलण्यावरून झालं म्हटल्यावर साहेब थोडं तरी समजून घेतील."

"आणि तिला साहेबांपुढे उभी करू? सहा वर्षांनी तोंड उघडलंय पोरीने. पहिल्याच आठवड्यात हे. आता सगळ्यांसमोर चुकली म्हटलं तर पुन्हा जन्मात बोलायची नाही ती. नोकरी काय, दुसरी बघू."

"या वयात दुसरी कुठली? आणि त्या माकडांशिवाय तुला दोन घास जातील का?"

बाबांनी हातावरची पट्टी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचाराल तर मला तेल द्या, भिंग मऊ फडक्याने पुसा, काम झालं की झाकून ठेवा आणि कृपा करून दाराला अडकण म्हणून लावू नका. हे सगळं मी मागणारच होतो. पण आता मागणं वेगळं आहे. माझ्यातून पाहिलंत आणि काही दिसलं नाही, तर लगेच वहीत 'काही नाही' असं लिहू नका. 'मला दिसलं नाही' असं लिहा. त्या दोन वाक्यांच्या मध्ये, मित्रांनो, एक म्हातारी माकडीण सलाइन लावून पडली आहे. आणि चुकलात तर कुणी दुसऱ्याने ती चूक आपल्या डोक्यावर घेऊ नये एवढी काळजी घ्या. कारण चूक अशी दुसऱ्याकडे गेली की ती सुधारायला कुणीच उरत नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मौनी बाहेर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, हातात ती वही, रविवारचं पान उघडलेलं. ती आईबाबांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

"आई, बाबा, उद्या दहाला ऑफिसात मी पण येणार. मारायला मी सांगितलं, पाणी साफ आहे म्हणून मीच लिहिलं, दार उघडायलाही मीच सांगितलं. हे पान साहेबांपुढे ठेवणार आणि माझ्या तोंडाने सगळं सांगणार, पहिल्यापासून. बाबा, डोळे वटारून काही होणार नाही. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय. तरी येणार. मी परवानगी मागत नाहीये, तुम्हाला सांगतेय."